उड्डाणपुलाआधी चौकांची तोंडे मोकळी करा: नाशिकच्या वाहतुकीविषयी खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. पोलिस आयुक्त, नाशिक शहर
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, नाशिक

सविनय नमस्कार.

नाशिकच्या वाहतूक कोंडीची चर्चा नेहमी दोन गोष्टींवर येऊन थांबते. एक, नवा उड्डाणपूल हवा. दोन, नाशिककरांना शिस्तच नाही. पुलाला वर्षे लागतात, आणि बेशिस्त हा स्वभावच आहे असे समजून तो विषय तिथेच सोडून दिला जातो. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणाऱ्या हलक्या मेट्रोसाठी) २०९२ कोटींची घोषणा झाली तेव्हाही शहर अशाच मोठ्या उपायाकडे डोळे लावून बसले होते. त्या मेट्रोचा एक खांबही अजून उभा नाही आणि दरम्यान रस्त्यांवरची वाहने वाढतच गेली.

आमचे म्हणणे असे की शहरातली बरीचशी कोंडी चौकाच्या तोंडाशी, शेवटच्या ५० मीटरमध्ये तयार होते. बेशिस्तीचा मोठा हिस्साही त्याच ५० मीटरच्या चुकीच्या रचनेतून येतो. या पट्ट्यात भूसंपादन लागत नाही, कर्ज काढावे लागत नाही. तिथले रंगकाम, दुभाजक आणि थांबे महापालिकेकडे आहेत, सिग्नलच्या वेळा आणि कारवाई पोलिसांकडे, रिक्षांचे परवाने आणि चालकांच्या चाचण्या परिवहन कार्यालयाकडे. तिघांनी एकत्र बसून ठरवले तर काही आठवड्यांत फरक दिसू शकतो.

आधी हिशोब पाहू. सिग्नलच्या आखणीसाठी भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे जे ठोकताळे वापरले जातात त्यांनुसार, हिरवा दिवा असताना सात मीटर रुंदीच्या तोंडातून ताशी सुमारे ३६७५ मोटारी सुटतात. म्हणजे सेकंदाला एक. (दुचाकी, रिक्षा, बस यांचे मोटारींच्या हिशोबात रूपांतर करून हा आकडा येतो.) त्या तोंडाशी एक रिक्षा प्रवाशाची वाट बघत थांबली आणि तिच्यामागे कोणी मोटार लावून दुकानात गेला की अडीच मीटर गेले. उरलेल्या साडेचार मीटरमधून ताशी २२५०च्या आसपासच मोटारी सुटतात. हिरवा दिवा ३० सेकंदांचा असेल तर पहिले दोन-तीन सेकंद गाड्या हलण्यात जातात. राहिलेल्या २७ सेकंदांत सत्तावीस गाड्या निघायच्या, तिथे सतरा निघतात. दहा मागे राहतात. सिग्नलचा फेरा, म्हणजे एका हिरव्यापासून त्याच बाजूच्या पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ, १२० सेकंदांचा धरला तर तासाला तीस फेरे होतात, म्हणजे चौकाच्या एकाच बाजूला तासाभरात तीनशे गाड्या तुंबतात. ही रांग मागच्या चौकापर्यंत गेली की तोही अडतो, आणि मग रस्ता मध्ये कितीही रुंद असला तरी उपयोग नाही. नरसाळे वर मोठे केले म्हणून खालच्या नळीतून जास्त पाणी पडत नाही.

म्हणून पहिली मागणी: प्रत्येक सिग्नलच्या चौकात सर्व बाजूंना ५० मीटरपर्यंत पार्किंग नाही, रिक्षा थांबा नाही, हातगाडी नाही, बस थांबा नाही. अपवाद एकही नको.

पण नुसता फलक लावून हे होणार नाही. शालिमारला, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, बिटको चौकात रिक्षा तोंडाशीच उभ्या राहतात, कारण प्रवासी तिथेच उतरतो आणि तिथेच दुसरी रिक्षा शोधतो. त्यांना हाकलले तर दहा मिनिटांत त्या परत येतात. चौक ओलांडल्यावर ५० ते ८० मीटरच्या पट्ट्यात त्यांना आखलेली जागा द्या. एका रिक्षाला पुढे-मागे मोकळीक धरून सव्वातीन मीटर लागतात. सहा रिक्षांचा थांबा वीस मीटरांत बसतो. सातवी रिक्षा आली तर तिने मागच्या राखीव जागेत थांबायचे, आणि ती राखीव जागा कुठे हे रिक्षा संघटनांना सोबत घेऊनच ठरवायचे. हातगाड्यांचेही तसेच. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर विक्रेता समितीमार्फत जागा ठरवायच्या आहेत. ती प्रक्रिया टाळून केलेली अतिक्रमण कारवाई आठवडाभरही टिकत नाही.

सिटीलिंक या शहर बससेवेच्या थांब्यांबद्दल एवढेच, की थांबा चौकाच्या अलीकडे नसावा, पलीकडे असावा. अलीकडे थांबलेली बस हिरवा दिवा वाया घालवते, डावीकडे वळणाऱ्यांना अडवते आणि तिच्या आडून रस्ता ओलांडणारा माणूस कोणालाच दिसत नाही. बारा मीटरच्या बसला कडेला सरळ लागायला तीसेक मीटर मोकळी कड लागते. त्या जागेत दुचाकी उभ्या असल्या की चालक बस रस्त्याच्या मध्येच उभी करतो. त्याला शिस्त शिकवण्याआधी ती जागा मोकळी करून द्यावी लागेल.

आता सर्कल. नाशिकला सर्कलची हौस आहे. अनेक ठिकाणी मधोमध शिल्पे, कारंजी, जाहिरातदारांचे फलकही उभे आहेत. सर्कल हा मुळात चांगला उपाय आहे, कारण त्यामुळे वेग कमी होतो आणि समोरासमोरची टक्कर टळते. पण त्याला दोन अटी आहेत. पहिली, आत फिरणाऱ्या गाडीला आधी वाट, बाहेरून येणाऱ्याने थांबायचे. दुसरी, वाहतूक त्याच्या आवाक्यात हवी. ताशी साधारण तीन हजार वाहनांच्या पुढे साधे सर्कल दमते. पहिली अट मोडली की सर्कल कसे बंद पडते ते मुंबई नाक्याला संध्याकाळी सात वाजता उभे राहून पाहावे. बाहेरचे आत घुसतात, आतल्यांना बाहेर पडता येत नाही, बाहेर पडायची वाट अडली की मागचा आणखी आत सरकतो आणि चारही बाजू एकमेकांत अडकतात. तिथे हॉर्न वाजवून काही होत नाही, कारण पहिल्या गाडीलाच हलायला जागा नसते.

यावर काय करायचे? सर्कलमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक तोंडावर ‘वाट द्या’ची तुटक रेषा आणि उलट्या त्रिकोणाचा फलक हवा. आज बहुतेक ठिकाणी दोन्ही नाहीत, मग चालकाला नियम कळणार कुठून? शिरण्याच्या तोंडाशी त्रिकोणी बेट असे हवे की गाडीला डावीकडे वळूनच आत जावे लागेल, सरळ घुसता येणार नाही. मधले शिल्प, झाडी किंवा फलक यांमुळे उजवीकडून येणारी गाडी झाकली जात असेल तर ती उंची कमी करावी. समोरचे दिसले नाही तरी चालते, उजवीकडचे दिसलेच पाहिजे. आणि जिथे मोजणीत वाहने आवाक्याबाहेर आहेत तिथे सर्कल काढून सिग्नल बसवावा. सर्कलही ठेवायचे आणि त्यावर सिग्नलही लावायचा, यात दोन्हींचे तोटे पदरी पडतात: लाल दिव्याला थांबलेल्यांची रांग सर्कलच्या आत उभी राहते आणि तेच अडते.

सिग्नलच्या वेळांवर जरा जास्त लिहितो, कारण इथे पैसे लागतच नाहीत. चार बाजूंना एकेक करून चार वेगळे हिरवे द्यायची पद्धत सोपी वाटते, पण प्रत्येक बदलाला गाड्या हलण्यात आणि चौक रिकामा होण्यात चार-पाच सेकंद जातात. चार बदलांत वीस सेकंद फुकट. ते भरून काढायला फेरा लांबवला जातो, १५० सेकंद, १८० सेकंद. फेरा लांबला की थांबलेली रांग लांबते, चालकांचा आणि पादचाऱ्यांचा धीर सुटतो आणि लाल तोडणारे वाढतात. शिवाय ४०-४५ सेकंदांनंतर हिरव्यातून सुटणारा ओघ विरळ होत जातो. दाट रांग आधीच निघून गेलेली असते आणि मागून तुरळक गाड्या येत राहतात. शहरातल्या चौकाचा फेरा १२० सेकंदांच्या वर जाऊ नये, साध्या चौकाचा ९०च्या आत असावा.

चार हिरवे द्यावे लागतात ते उजवीकडे वळणाऱ्यांमुळे. त्याला दोन पर्याय आहेत. रस्ता रुंद असेल तर दुभाजक कापून उजव्या वळणासाठी ३०-४० मीटरची स्वतंत्र मार्गिका द्यावी. म्हणजे वळणारे बाजूला थांबतात आणि सरळ जाणारे अडत नाहीत. रस्ता अरुंद असेल तर गर्दीच्या वेळी चौकात उजवे वळण बंद करून पुढे दीड-दोनशे मीटरवर यू-टर्न द्यावा. समोरासमोरच्या दोन बाजू मग एकाच हिरव्यात सुटतात आणि वीस सेकंदांचा तोटा दहावर येतो. मात्र तो यू-टर्न खरोखर दीडशे-दोनशे मीटरवरच हवा. तो लांब गेला की लोक उलट दिशेने यायला लागतात, याविषयी पुढे येतेच.

एकामागून एक येणारे सिग्नल एकमेकांशी जुळवणेही शक्य आहे. दोन चौकांत ४०० मीटर अंतर असेल आणि गाड्या ताशी ३० किलोमीटरने जाव्यात असे आपल्याला वाटत असेल, तर पुढचा हिरवा मागच्यापेक्षा ४८ सेकंदांनी उशिरा सुरू करायचा. अट एकच, सगळ्या चौकांचा फेरा सारखा हवा. गंगापूर रोड आणि त्र्यंबक रोडवर हे आधी करून पाहण्यासारखे आहे. याचा शिस्तीशी थेट संबंध आहे: तीसने जाणाऱ्याला पुढचा हिरवा मिळतो आणि साठने पळणाऱ्याला लाल, हे आठवडाभरात प्रत्येकाच्या लक्षात येते. वीज गेल्यावर सिग्नल बंद पडू नयेत म्हणून प्रत्येक ठिकाणी किमान चार तासांची बॅटरी, आणि दिव्यांसमोर आलेल्या फांद्या व फ्लेक्स दर महिन्याला काढणे, ही कामे किरकोळ आहेत, पण ती राहून गेली की वरची सगळी मेहनत पाण्यात जाते.

उलट दिशेने येणाऱ्यांचा प्रश्न मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर सर्वांत गंभीर आहे. इंदिरानगर बोगदा हे त्याचे ठळक उदाहरण. महामार्गाखालून जाणारी वाट अरुंद, दोन्ही तोंडांशी सर्व्हिस रोड, आणि त्यांवर दोन्ही दिशांनी येणारी वाहने. गोविंदनगरकडून आलेला, इंदिरानगरकडून आलेला, सर्व्हिस रोडवरून सरळ जाणारा आणि उलट येणारा असे सगळे एकाच तोंडाशी भिडतात. राणेनगरलाही हेच चित्र. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर उलट दिशेने वाहन चालवणे हे कलम १८४खाली धोकादायक चालवणे ठरते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. कायदा पुरेसा कडक आहे. पण ज्याला रस्त्याच्या पलीकडचे घर समोर दिसते आणि सरळ मार्गाने जायला एक-दोन किलोमीटरचा वळसा पडतो, तो माणूस दंडाची जोखीम रोज पत्करतो.

तेव्हा आधी वळसा कमी करा. सर्व्हिस रोड दोन्ही बाजूंना कायमचे एकेरी करा, बोगद्याच्या तोंडापासून ३० मीटरपर्यंत मध्ये अडथळे लावून वळणारे आणि सरळ जाणारे वेगळे करा, आणि दोन बोगद्यांमध्ये वळसा मोठा पडत असेल तिथे हलक्या वाहनांसाठी आणखी वाट काढता येईल का ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासोबत पाहा. अडथळ्यांसाठी सुरुवातीला काँक्रीट ओतू नका. लवचिक उभ्या पट्ट्या, ज्यांना आपण स्प्रिंग पोस्ट म्हणतो, त्या लावून महिनाभर पाहा, जागा चुकली तर हलवा, मग पक्के बांधकाम करा. या पट्ट्या आठवड्यात मोडून पडतात अशी तक्रार असते. बऱ्याचदा दोष बसवण्यात असतो. नुसते खिळे ठोकलेले असतात. खाली भोक पाडून इपॉक्सी आणि अँकर बोल्टने बसवल्या तर त्या गाडीचा धक्का खाऊन पुन्हा उभ्या राहतात.

पादचारी हा या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित. शहरातल्या द्वारका चौकात त्याच्यासाठी भुयारी मार्ग बांधला, लोकांनी तो वापरला नाही. यात आश्चर्य नाही. हातात पिशव्या, सोबत म्हातारी आई, अशा माणसाला एक मजला उतरून पुन्हा चढायला लावले तर तो वरूनच जाणार. त्याला जमिनीवरच ओलांडू द्या आणि वेळ द्या. हिशोबाला माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात. चौदा मीटरच्या रस्त्याला बारा सेकंद लागतात, ज्येष्ठांना पंधरा, शिवाय पाऊल उचलायला पाच-सात सेकंद. वीस सेकंदांपेक्षा कमी वेळ देणे म्हणजे माणसाला अर्ध्या रस्त्यात सोडणे. दुभाजकाशी निदान दीड मीटर रुंद थांबायची जागा हवी. पदपथाची मोकळी रुंदी रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे किमान १.८ मीटर आहे. त्यात विजेचा डीपी, झाड आणि दुकानाची पायरी धरायची नसते. गतिरोधकही मानकाप्रमाणे करा: ३.७ मीटर रुंद, दहा सेंटिमीटर उंच, चढ गोलाकार. रात्रीत टाकलेला अर्धा मीटरचा डांबरी उंचवटा वेग कमी करत नाही, फक्त दुचाकीस्वाराची पाठ मोडतो, आणि त्याला चुकवायला लोक कडेच्या फटीतून घुसतात.

रंगकामाकडे शोभेची गोष्ट म्हणून पाहू नये. थांबण्याची रेषा झेब्राच्या किमान एक मीटर मागे हवी आणि ती दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर दुचाकी झेब्रावर उभ्या राहतात, आणि कॅमेऱ्याने काढलेले ई-चलानही वादात सापडते, कारण गाडीने नेमकी कोणती रेषा ओलांडली हे फोटोत दाखवता येत नाही. थर्मोप्लास्टिक रंग अडीच मिलिमीटर जाडीचा, वर चौरस मीटरला २५० ग्रॅम काचमणी, खालचा पृष्ठभाग कोरडा आणि झाडलेला. जुन्या डांबरावर आणि काँक्रीटवर आधी प्रायमर. धुळीवर किंवा ओलीवर मारलेला रंग पहिल्या पावसात निघतो. ठेकेदाराच्या बिलाआधी जाडी मोजा. रंग मारताना वाटेत पत्र्याची पट्टी ठेवून ती उचलून मोजता येते.

याच ओघात चेंबरच्या झाकणांचे. रस्त्यावर चाळीस-पन्नास मिलिमीटरचा नवा थर पडतो आणि झाकण तेवढेच खाली राहते. दुचाकीस्वार ते चुकवायला झटकन उजवीकडे येतो, मागचा ब्रेक दाबतो आणि रांग लागते. याला आपण बेशिस्त म्हणतो. थर टाकण्याच्या निविदेतच झाकण उचलून रस्त्याच्या पातळीला आणण्याची बाब घाला आणि त्याशिवाय काम पूर्ण धरू नका. सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे अपघातात मृत्यू किंवा अपंगत्व आले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. हे कलम वापरायची वेळ येऊ नये.

कारवाईबद्दल पोलिस आयुक्तांना विनंती. १५ ऑगस्ट २०२१ला शहरात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ सुरू झाले, गाजले. आज पंपावर हेल्मेटवाले किती दिसतात ते आपण पाहताच आहात. मोहिमेने सवय लागत नाही. आपण पकडले जाऊ अशी खात्री असली तरच ती लागते, दंडाची रक्कम त्यापुढे दुय्यम आहे. चौकाच्या पलीकडे पाच-सहा जणांनी घोळक्याने उभे राहून कागद तपासण्यापेक्षा दोनच अंमलदार चौकाच्या तोंडाशी, थांबण्याच्या रेषेवर उभे असावेत. एका वेळी एकच गुन्हा धरा. पहिला आठवडा जाहीर सूचना, पुढचे तीन आठवडे त्या चौकात रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला चलान, ओळख-पाळख न बघता, सरकारी गाडीसुद्धा. मग पुढचा गुन्हा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७अ प्रमाणे ई-चलानची सूचना पंधरा दिवसांत पोहोचली पाहिजे. मोबाइल क्रमांक जुना असल्याने ती पोहोचत नसेल तर नोंदणीतले क्रमांक अद्ययावत करण्याची मोहीम परिवहन कार्यालयाने हाती घ्यावी.

परिवहन अधिकाऱ्यांकडे आणखी दोन मागण्या. पक्क्या परवान्याच्या चाचणीत ‘आठ’ काढून दाखवण्याइतकेच महत्त्व सर्कलमध्ये वाट देणे, मार्गिका न बदलता वळणे आणि झेब्राआधी थांबणे यांना द्या. आणि कॉलेज रोडवर शाळा-क्लास सुटल्यावर मोपेडवर तिघे बसून निघणाऱ्या अल्पवयीन मुलांसाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ आहे: पालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. त्याची माहिती शाळांमार्फत आधी प्रत्येक पालकापर्यंत लेखी पोहोचवा, मगच वापरा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी शिफ्ट सुटण्याच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढेमागे केल्या, आणि रविवार कारंजा परिसरात मालाची चढ-उतार सकाळी नऊच्या आत संपवली, तर तिथला भार बराच हलका होईल. त्यासाठी उद्योजक आणि व्यापारी संघटनांसोबत एकेक बैठक पुरेशी आहे.

सिंहस्थ तोंडावर आहे. पर्वणीच्या दिवसांसाठी हे शहर बाहेरची वाहनतळे, एकेरी मार्ग, पायी वाटा यांचे चोख नियोजन करते आणि लाखोंची गर्दी हलवते. त्याच यंत्रणेने रोजच्या वाहतुकीसाठी तीन चौक निवडावेत: एक सर्कल, एक सिग्नल आणि एक बोगद्याचे तोंड. आमच्या मते मुंबई नाका, बिटको आणि इंदिरानगर. काम सुरू करण्याआधी मंगळवार ते गुरुवारमधले दोन साधे दिवस घ्या, सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, दर पंधरा मिनिटांची मोजणी, वाहनाच्या प्रकारानुसार आणि वळणाच्या दिशेनुसार. पदपथाच्या कडेला दर दहा मीटरवर खडूने खूण केली की रांगेची लांबीही नोंदवता येते. हीच मोजणी बदलानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा करा आणि दोन्ही तक्ते महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. रांग कमी झाली नाही तर केलेला बदल काढून दुसरा करता येईल.

मोजणीसाठी माणसे, चौकांचे आराखडे आणि सिग्नलच्या वेळांची आकडेमोड आम्ही विनामोबदला द्यायला तयार आहोत. आपण तिघांच्या कार्यालयांची एकत्र बैठक कधी ठेवता ते कळवावे.

आपले,
रस्ते आणि वाहतूक अभियांत्रिकीत काम करणारे नाशिकमधील काही नागरिक